चौकोनातलं काळं पाणी

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
अखेर योग्य काम योग्य माणसाकडे आलं. शाळेनं संस्कृत बंद केल्यापासून मी बायकोच्या सफाईच्या कंपनीत फोन उचलतो. कंपनी म्हणजे ही, हिचा धाकटा भाऊ, थोडे कामगार आणि मी. गावातल्या मोठ्या सभागृहाचे गालिचे वर्षभर धुण्याचं काम मिळण्याची चिन्हं आहेत. एकोणीस तारखेला नमुना म्हणून त्यांचा हॉल धुऊन दाखवायचा. पसंत पडला तर काम आपलं. त्यासाठी नवं मशीन हवं, आणि ते निवडायचं मी. हिनं बजावलंय की नीट जमलं तर यापुढे सगळी खरेदी तुमच्याकडे, नाही जमलं तर तुम्ही आणि तुमचा फोन. दुसरा भाग औपचारिक असावा.

मंगळवार, ५.
विषयाचा सखोल अभ्यास केला. सध्या आपली माणसं बादली, फवारा, व्हॅक्युम आणि लांबलचक पाइप अशी वरात घेऊन हिंडतात. नवं मशीन सेल्फ-कन्टेन्ड, म्हणजे स्वयंपूर्ण. एकाच धडात दोन टाक्या. एकीतलं स्वच्छ पाणी गालिच्यावर फवारलं जातं, ब्रश घासतो, आणि मळकं पाणी ओढलं जाऊन दुसरीत जमा होतं. चालवणाऱ्यानं मशीन ओढत मागे मागे जायचं. मागे जाऊन प्रगती करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, शाळेचं व्यवस्थापन सोडल्यास.
संकल्प: अजिबात घाई करायची नाही.
दुपारी चार कंपन्यांना फोन केले. त्यांतल्या दोन कंपन्यांना दोनदा.

गुरुवार, ७.
न्यायाचा पाया म्हणजे समान कसोटी. ऑफिसच्या दारातला गालिचा आम्ही कधीच धुतलेला नाही. (वैद्याच्या घरी सगळेच खोकतात.) त्यावर खडूनं हातभर चौकोन आखला. चारही मशीनं याच चौकोनावर चालतील, टाकीत जमलेलं पाणी मी बघेन, ज्याचं सर्वांत काळं ते मशीन विजयी. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, चारही एकाच जागेवर? म्हटलं, एकाच. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक बोलून दाखवायची पद्धत हिच्या माहेरी नाही.

शुक्रवार, ८.
पहिलं मशीन आलं. सोबत टाय लावलेला विक्रेता, चेहरा पडलेला. हे मॉडेल आता बंद होतंय, असं आपणहून सांगून बसला. मशीन लहानखुरं, दमेकऱ्यासारखं घरघरणारं. पण टाकी उघडली तर आत डांबर. टायवाला स्वतःच चकित. असं पाणी त्यानं नोकरीत पाहिलं नव्हतं म्हणे. मी बरणीत नमुना भरून घेतला.
गालिचा जरा ओला राहिला. माझे मोजे भिजले. मेहुणा मध्ये तोंड घालून म्हणाला, भाऊजी, हे पाणी नुसतं ओततंय, ओढत नाहीये, वाळायला संध्याकाळ होईल. त्याला सांगितलं की आपण गालिचे धुतो, वाळवत नाही.

सोमवार, ११.
शनिवार-रविवार वाया गेले. आठवड्याला सुट्टी कोणी लावली कोण जाणे. दोन वेळा ऑफिसला जाऊन चौकोन बघून आलो.
दुसरं मशीन दणकट, दिसायला भारदस्त. पाणी कडक कॉफीसारखं. चांगलं आहे. पण डांबर ते डांबर.

मंगळवार, १२.
तिसरं. पाणी पातळ चहासारखं. विक्रेत्यानं त्याच चौकोनावरून पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं, बिचाऱ्याला घाम फुटला. मी विचारलं, बाकीचा मळ गेला कुठे? म्हणतो, साहेब, इथं आता मळच नाही. नाचता येईना अंगण वाकडं.
एक चांगलं झालं. चौकोन आता इतका उजळलाय की खडूची गरज उरली नाही. माझ्या कसोटीचा हा आनुषंगिक लाभ.

बुधवार, १३.
चौथं मशीन, बाजारात सर्वांत नावाजलेलं. विक्रेती बाई हसतमुख. पाणी जवळजवळ पिण्याजोगं. वर गालिचा हात लावून पाहावा तर लगेच कोरडा. ज्याअर्थी भिजला नाही, त्याअर्थी धुतला नाही. बाई म्हणाली, सर, शेजारच्या तुकड्यावर चालवून दाखवू का? कसोटीत लुडबुड. सौम्यपणे नकार दिला. मेहुणा लगेच म्हणाला, दाखवू दे की भाऊजी, तुमचं काय जातंय? तत्त्व जातं, पण हे त्याला कसं सांगणार.
संध्याकाळी चैन पडेना. चारही बरण्या खिडकीत मांडल्या. क्रम बदलून मांडल्या. पुन्हा होत्या तशा मांडल्या. काळी ती काळीच.

गुरुवार, १४.
शुभस्य शीघ्रम्. दुकान उघडताच पहिल्या मशीनची ऑर्डर दिली, मग हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, चौथं पहिल्यांदा चालवलं असतं तर त्याचंही पाणी काळंच आलं असतं ना? म्हटलं, असतं-नसतं काय, आलं नाही हे खरं. यावर ही एवढंच म्हणाली, ऑर्डर देऊन मोकळे झालात, आता काय बोलायचं. मौनं संमतिलक्षणम्. मग आतल्या खोलीत जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती. माहेरी कळवत असावी.

सोमवार, १८.
टायवाल्यानं मशीन पोचवलं आणि चहालाही न थांबता गेला. उद्याचा दिवस. कागदावर ‘खरेदी विभाग’ लिहून टेबलावर लावून पाहिलं. काढलं. जरा वर लावलं.

मंगळवार, १९. सकाळ.
हॉल धुतला. पाणी काळंभोर. मी सांगितलं होतं.
नंतर.
हॉल वाळत नाही. दुपारी तिथं सभा आहे हे मला कुणी आवर्जून सांगितलं नव्हतं. कळवलं होतं फक्त. सभागृहाची व्यवस्थापिका पाहणीला आली, गालिच्यावरून चालली, पावलागणिक पचपच. मी सुचवलं, खिडक्या उघडू. त्या उघडत नाहीत. मी सुचवलं, सभा उभ्यानं घ्या. हिनं मला बाहेर व्हॅनजवळ उभं राहायला सांगितलं.
व्हॅनमागे दुसरी व्हॅन. त्यातून चौथं मशीन उतरलं, मागून ती हसतमुख बाई. हिनं गुरुवारीच सांगून ठेवलं होतं म्हणे. ते मशीन पाणी न मारता नुसतं ओढत गेलं. माणसं यायच्या आत खुर्च्या मांडता आल्या.
त्याच्या टाकीत पाहिलं. डांबर. तिथला उजेड वेगळा होता.

गुरुवार, २१.
वर्षाचं नाही, तीन महिन्यांचं काम मिळालं. व्यवस्थापिकेची अट: मशीन चौथं आणि निवडणारा माणूस दुसरा. टायवाला पहिलं मशीन परत घ्यायला तयार नाही, फोनही उचलत नाही. आपल्याकडचा फोन आता मेहुण्याची बायको उचलते. चांगला उचलते, तिचा आवाज गोड आहे.
मला हॉलवर नेमलंय. मशीन मेहुणा चालवतो, मी टाक्या बघतो. स्वच्छ भरायची, मळकी मोरीत ओतायची. विचार केला तर दोन्ही टाक्यांचा कारभार एकाच हाती, म्हणजे जबाबदारी कमी नाही. हिला विचारलं, या पदाला म्हणायचं काय? ही म्हणाली, अहो, ती टाकी तेवढी ओतून या, मग बघू.
ओतून आलो, टाकी जागेवर बसवली. पदाचं पुन्हा विचारेपर्यंत ती भरली होती.