खणाची अर्धी कुंची

आत्ती, मी तुमची थोरली सून. ओळख पटतेय का अजून? जिवंत होता तेव्हाच मला हाक मारायला तोंड उघडलं की तुमच्या जिभेवर आधी दोन्ही लेकी यायच्या, मग म्हैस, आणि मग मी. आता तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, म्हणजे मी म्हशीच्याही पार मागं गेले असणार. मला लिहायला येत नाही, एवढं तरी आठवत असेल. नात लिहितेय, माझ्या लेकाची लेक. आठवा महिना चाललाय. डॉक्टरीणबाईंनी उठायचं नाही म्हणून सांगितलंय. दवाखाना जवळ, म्हणून बिद्रीहून आईकडनं इथं कोल्हापुरात माझ्यापाशी येऊन पडलीय आणि कुशीवर वळून वहीत लिहितेय. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते. सून जरा सुधारली असं समजा.

मागच्या वर्षी हिचं पाचव्या महिन्यात गेलं. या खेपेला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आज्जी, माझ्या बाळाला वाकळ शिव." म्हटलं, "येऊ दे की आधी. आल्यावर माझी मऊ लुगडी काढू." "मला आत्ता पायजे." "पोटातल्या पोराला आधी टाका घालायचा नसतोय, बाई." तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मागल्या खेपंला कुणी एक टाका घातला नव्हता. तरी गेलंच की." माझं तोंड बंद झालेलं बघायची तुमची फार इच्छा होती, ते तेवढं हुकलं बघा.

तुमचं आणि माझं काय झालं ते हिला ठाऊक नाही. आता लिहिता लिहिता कळेल. मी पहिलटकरीण. घरची सगळी मळ्यात गेली की मी दुपट्याला टाके घालते आणि पायरव आला की तांदळाच्या डब्यामागं लपवते. पोरगा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध ओढेना, आणि दुपारी गेला. पुढच्या आठवड्यात तांदूळ काढताना तुम्हाला ते दुपटं सापडलं. तुम्ही ते माझ्यासमोर धरलंत. "आधी शिवायची लई हौस हुती न्हवं तुला? शिवलंस आन् घालवलंस." आणि चुलीत घातलंत. माझी चोळी दुधानं भिजलेली, आणि मी चुलीकडं बघत बसले. त्या दिवसापासून मी सुईला हात लावला नाही. पुढं लेक झाला, त्याचं सगळं गल्लीतल्या बायांनी शिवलं. मालकांच्या सदऱ्याचं बटणसुद्धा मी शिंप्याकडं धाडायचे. बाया मला आळशी म्हणायच्या. तुम्ही मात्र त्यावरून एकदाही बोलला नाहीत. तुमच्यासारखी बाई गप्प का बसते, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

नातीच्या त्या बोलण्यानंतर माळ्यावरचा तुमचा पत्र्याचा डबा खाली काढला. कातर, दाभण, चाळण झालेलं अंगुस्तान, रिळं. तळाशी फडक्यात गुंडाळलेली बाळाची कुंची, डोक्यावरून पाठीवर सोडायची तसली, अर्धीच. कापड हिरव्या खणाचं. तुम्ही माझ्या ओटीत घातलेला तोच खण, माझी चोळी बेतून उरलेला. काठाचे टाके उलट्या बाजूला कललेले. घरात डावखुरी बाई एकच होती. सुई अजून टाक्यातच होती, गंजून कापडाला धरून बसलेली. म्हणजे आत्ती, तुम्हीपण शिवत होता. मी तांदळाच्या डब्यामागं, तुम्ही कुठं ते तुम्हालाच ठाऊक. एका घरात दोघी चोर, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. पन्नास वर्षं 'शिवलंस आन् घालवलंस' हे वाक्य मी माझं म्हणून सांभाळलं. तुम्ही ते कुणाला म्हणत होता?

दुसऱ्या दिवशी दारातल्या उन्हाला वाकळ अंथरून बसले. मला सुईचं भोक दिसत नाही. ही दुपारचा डोळा लागायच्या आधी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवते. पहिला टाका वाकडा गेला, दुसरा गेला, मग बोटांना आठवलं. चार पदरांतून दोरा ओढताना तो बारीक आवाज झाला आणि मला हसू फुटलं. पोरगी जीव मुठीत धरून पडलीय, आणि मी म्हातारी हसतेय! "काय झालं गं?" "काय न्हाय. सरळ आला टाका." चहा गार होतो, मांडीला मुंग्या येतात, तरी उठवत नाही. भीती गेलीय असं समजू नका. रोज सकाळी आधी विचारते, "हालतंय का?" हालतंय म्हणाली की मगच सुई उचलते. परवा अर्धा दिवस काही हाललं नाही. वाकळ दारातच टाकून रिक्षानं दवाखाना गाठला. हिनं माझा हात इतका दाबला की अजून बोटं सुजलेली आहेत. बाळाचे ठोके लागले. घरी आल्यावर मी पाणी प्यायच्या आधी सुटलेला टाका पुरा केला.

एक सांगायचं राहिलं. शेवटी तुमची वाचा गेली, तेव्हा तुम्ही माळ्याकडं बोट करून चिमटी हलवत होता. सगळी म्हणाली, म्हातारीला काहीतरी भास होतोय. मला कळलं होतं, डबा मागताय. मी डबा काढला नाही, तुम्हाला पाणी पाजलं. मुद्दाम. हिनं लिहायचं थांबवलं इथं. म्हटलं, लिही.

आता विचारतेय, आज्जी, हे पाठवायचं कुठं? कुठंच नाही, बाई. वही मिट आणि बिद्रीला तुझ्या आईला फोन लाव. डिंकाचे लाडू बांधायला घे म्हणावं. ती म्हणेल, बाळंत झाल्यावर करतात, आधी नको. तिला सांग, आज्जीनं आत्ताच मागितलेत. खारीक जास्त घाल, तुपाला हात आखडू नको, आणि रविवारच्या आत पाठव.