तीन वाजताची हजेरी

३ मार्च २०२०, मंगळवार
पोचले बाई एकदाची! टास्मानियाच्या उत्तर भागात, ब्रॅकेन क्रीक नावाच्या टिचभर गावात. लाकूडतोड्यांची पंधरा-वीस घरं, एक दुकान आणि चहूकडे निलगिरीचं जंगल. आणि हवा काय सांगू! आमच्या शहरातल्या, टूनगॅबीच्या भट्टीतून आलेल्या माणसाला वेडच लागेल. इथे ऑटम सुरू झालाय. सकाळी दव, दहाला कोवळं ऊन, नेचे कडेकडेने तांबूस व्हायला लागलेत, आणि दुपारी तीनला झाडांमधून धुकं खाली उतरतं. मोबाइलला रेंज नाही. ऑफिसात एक फोन आहे, तेवढाच.

निनाद, म्हणजे आमचा नवरोबा, उन्हाळाभर इथे कामाला होता. पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायला, आडगावात काम केल्याचे पॉइंट हवेत ना! घसा बसला म्हणून परत आला तो आलाच. अजून कुजबुजतो बिचारा. त्याच्या जागी आता मी. पंधरा दिवसांत सामान घेऊन तोही येतोय.

५ मार्च
काम सोपं आहे. ऑफिसात हुकांची एक फळी आहे. जंगलात जाणारा प्रत्येक जण आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला हुकला अडकवून जातो. तीन वाजता, धुकं उतरायच्या सुमाराला, मी रेडिओवर नंबर पुकारायचे आणि त्यांनी ओ द्यायची. माणसं दहा.

आज दहाव्यानंतर बारीक आवाजात आणखी एक ओ आली. ‘हजर’. चक्क मराठीत! निनादने पोरांना शिकवलेला चावटपणा, दुसरं काय. मी खूप हसले. कॉलिन, आमचा मुकादम, हसला नाही. खडूस आहे.

६ मार्च
मलाही बिल्ला मिळाला. तेवढ्यात निनादचा फोन. म्हणाला, माझ्याच हुकला लाव, अकराव्या, माझ्या बिल्ल्यावर. आणि तुझ्याच हाताने लाव हं. लग्नाला नऊ वर्षं झाली, इतकं गोड हा माणूस कधी बोलला नव्हता. लावला. कॉलिनने उगाचच टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळी परत फोन, आणि निनादचा आवाज खणखणीत! घसा आपोआप सुटला म्हणे. गाणंसुद्धा म्हणून दाखवलं त्याने. मी तर रडलेच आनंदाने.

१० मार्च
आजही ‘हजर’ आलं. बाईच्या आवाजात.

माझ्या आवाजात. माझ्या तोंडात तेव्हा चहाचा घोट होता.

१४ मार्च
घसा बसला. सगळे चार हात लांब पळाले, कोरोना कोरोना करत. कॉलिनने मला ऑफिसमागच्या खोलीत ठेवलंय, चौदा दिवस. बाहेरून कडी. फोन आला की तेवढा, लांब वायरीसकट, दार किलकिलं करून आत सरकवतात.

रोज तीनला भिंतीपलीकडून ऐकू येतं. माझा आवाज तिकडे मोठा होत चाललाय, इकडे बारीक.

२० मार्च
सीमा बंद. निनाद येत नाही. मी कुजबुजत विचारलं, तुला माहीत होतं?

होतं. त्या हुकवर कुणीतरी लागतंच. आपलं माणूस आपल्या हाताने बिल्ला लावेल तेव्हाच आधीचा सुटतो. मला तुझ्याशिवाय कोण आहे, म्हणाला. त्या खणखणीत आवाजात! वर म्हणतो, क्रेगीबर्नहून स्वरदाला बोलाव, तिची नोकरी गेलीच आहे, लाकडाचं काम इसेन्शियल आहे, परवाना मिळेल.

माझी सख्खी धाकटी बहीण. मेल्या, तुझं कधी भलं होणार नाही.

२२ मार्च
कॉलिन दाराबाहेरून म्हणाला, सॉरी, मेट. हुक रिकामा राहिला की आमच्यातला एक जण परत येत नाही.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानवालीलासुद्धा. पहिल्या दिवशी केक दिला होता तिने —

२४ मार्च
आवाज गेला. पूर्ण.

स्वरदाचा फोन आला. ताई, ताई करत होती. मी नुसती श्वास घेत राहिले.

देवा, माफ कर. एक क्षण वाटलं, बोलवावं.

२६ मार्च
तीन वाजले. धुकं दाराखालून आत —

आज फोन आत दिला नाही. पलीकडे वाजला. कुणीतरी उचलला.

मीच. म्हणजे माझा आवाज. हसतोय. स्वरदे, ये की गं, मजा आहे इथे —

भिंत बडवतेय. कुणी येत नाही.

कधी येऊ, विचारलं वाटतं तिने. सोमवार म्हणाला आवाज. ती हो म्हणाली असणार —

स्वरदा, हे मिळालं तर वाच, बिल्ल्याला हात लावू नकोस. ती मी नाही. मी बोलावलं नाही तुला. नुसतं मनात आणलं होतं गं, एकदाच, बोलले नव्ह