हवेतला बटाटा

प्रिय ईप्सिता,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलंय. मी चौथीपर्यंत शिकलेली, शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

आमच्या खालच्या मजल्यावरचा अमेरिकन म्हातारा, हॉलिस, तुला आठवत असेल. तळघरात कपडे धुवायला आला की भिंतीशी पुटपुटायचा. मी त्याला रिकामटेकडा समजत होते. तर तो नट निघाला, वर नाटकंही लिहितो! परवा त्याने आम्हाला प्रयोगाला बोलावलं. तिथलं पत्रक वाचून तुझ्या बाबाने सांगितलं, न्यूयॉर्कला वीस वर्षं याने नोकरांची नाहीतर प्रेतांची कामं केली. अकरा नाटकं लिहिली, त्यातली नऊ पडली. नाटक पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हा नवं लिहायला बसायचा. मी म्हटलं, निलाजराच दिसतोय मेला.

मग पडदा उघडला. ऐंशीचा हा बुवा स्वतःच्या आईचं काम करत होता. डोक्यावर टक्कल तसंच. स्टुलावर बसला आणि बटाटे सोलायला लागला. हातात सुरी नाही, बटाटाही नाही. इंग्रजी मला कळत नाही, पण साठ वर्षं बटाटे सोललेत मी. अंगठा कुठे अडतो, डोळा कसा उकरायचा, सगळं जिथल्या तिथे! एक साल माझ्या पायाशी पडलं आणि मी, पहिल्या रांगेत बसलेली, उचलायला वाकले. तुझा बाबा विचारतो, आई, काय शोधतेस? काय सांगणार, कपाळ? मला गप्प बसवणारा आजवर जन्मला नव्हता.

हो, आणखी एक. प्रयोगाआधी त्याची माणसं त्याच्या डाव्या खांद्यावर ‘टॉय टॉय टॉय’ करून थुंकल्यासारखं करत होती. म्हणजे दृष्टच काढतात की! मात्र त्यावर आभार मानले तर अपशकुन, म्हणे.

तू संशोधन सोडून नाट्यशाळेत जाते म्हणालीस, तेव्हा ‘नाटकं पुरे कर’ असं फोनवर मीच ओरडले. बाबा नंतर बोलला, आधी मी. तो शब्द मागे घेते. शुक्रवारी तुझी तिथली प्रवेशपरीक्षा आहे आणि तू जाणार नाहीस, असं कळलं. गपगुमान जा. बाबाला मी बघते. पडलीस, तर शनिवारी सकाळी पुन्हा तयारीला बस.

थू थू थू. आभार मानू नकोस.

तुझीच,
तोंडाळ आजी