जाहिरात रद्द करण्याचा माझा पक्का निर्धार

४ मार्च, मंगळवार
आज मोठी गोष्ट घडली. दुपारी दुकानात फोन. जाहिरात कंपनीचा टीम लीडर ग्वाक, आवाज मधासारखा. म्हणाला, प्यो साहेब, अख्ख्या वॉन्जू शहरातून आम्ही एकच लॉन्ड्री निवडली आहे, तुमची. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, नावावरून, साहेब. 'शुभ्र लॉन्ड्री'! (या नावाच्या शहरात आणखी तीन आहेत. पण निवड माझी झाली.) इंटरनेटवर सगळ्यात वर जाहिरात, करार तीन वर्षांचा, महिन्याला फक्त नव्व्याण्णव हजार वॉन. मोबाइलवर पाच ठिकाणी 'सहमत' दाबायचं होतं. उत्साहात सहा ठिकाणी दाबलं.

संध्याकाळी ओक्सूनला सांगितलं, निवड झाली. बायको म्हणाली, अहो, आपली सगळी गिऱ्हाइकं समोरच्या चार बिल्डिंगांतली. लिफ्टनं खाली यायला त्यांना इंटरनेट कशाला लागतंय?

धंद्याला दूरदृष्टी लागते. सगळ्यांकडे नसते.

१९ मार्च
जाहिरात झळकली! माझ्या दुकानाचा फोटो नाही, पण एक सोनेरी केसांची परदेशी बाई पांढरा टॉवेल गालाला लावून हसते आहे. खाली लिहिलंय, 'देशभर मोफत घरपोच सेवा.' हे मी कधी बोललो नव्हतो. पण वाचायला भारदस्त वाटतं.

ओक्सूननं विचारलं, ही कोण? म्हटलं, प्रतीक आहे. ती म्हणाली, कशाचं?

२ एप्रिल
पहिला फोन आला! थेट जेजू बेटावरून. पडदे न्यायला कधी येताय, असं एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, मध्ये समुद्र आहे. ती म्हणाली, मग जाहिरातीत कशाला लिहिता, आणि मला खोटारडा म्हणून फोन ठेवला.

तरीही नोंद करतो : दुकानाचं नाव समुद्रापार पोचलं.

२८ एप्रिल
नवं गिऱ्हाईक : शून्य. सातव्या मजल्यावरचे आजोबा रोज येतात, पण कपडे आणत नाहीत. टॉवेलवाली बाई कामावर कधी असते, एवढंच विचारतात.

ओक्सून म्हणाली, उद्या करार रद्द करा. मी म्हटलं, एका फोनचं काम आहे. ती म्हणाली, मी करू का? मी म्हटलं, तिथं पुरुषाचा आवाज लागतो.

२९ एप्रिल
सकाळभर इस्त्रीसमोर तालीम केली. 'ऐका, ग्वाक. करार संपला. एक शब्द नको.' वाफेमुळे चेहराही चांगला तापलेला दिसत होता.

फोन लावला. म्हटलं, ऐका, ग्वाक. तो म्हणाला, साहेब, तुमचा आवाज ऐकला आणि बाबांची आठवण झाली. त्याचे वडीलही लॉन्ड्रीवाले होते. इस्त्री करता करता गेले. इथं त्याला हुंदका आला. मलाही आला. मग तो म्हणाला, साहेब, दोष तुमचा नाही, पॅकेजचा आहे. तुमच्यासारख्या माणसाला साधं पॅकेज विकलं ही माझीच चूक.

परिणाम : साधं पॅकेज मी ठामपणे रद्द करायला लावलं. त्याच्या जागी प्रीमियम घेतलं. त्यात व्हिडिओ आहे.

ओक्सूनला म्हटलं, रद्द झालं. शब्दशः खरं आहे.

१६ मे
बँकेतून जास्त रक्कम गेली. ओक्सूनला कळलं. दिवसभर तिनं माझ्याशी बोलणं फक्त हँगर आपटून केलं. जेवायला नुसत्या रामेन नूडल्स. अंडं तिच्या वाडग्यात होतं.

व्हिडिओही आला. त्यात दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान आहे. छान दुकान आहे.

१९ मे
ग्वाक फोन उचलत नाही. बिचारा वडिलांच्या आठवणीत असेल.

मग सरकारी ग्राहक मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, काका, तुम्ही ग्राहक नाही आहात. तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही.

म्हणजे सरकारनंच मान्य केलं! घरी येऊन ओक्सूनला अभिमानानं सांगितलं. तिनं विचारलं, पैसे? म्हटलं, ते नाही मिळणार. पण व्यावसायिक!

तिनं बँकेत जाऊन कंपनीला जाणारे पैसे थांबवले. ही योजना माझ्याही मनात होतीच.

११ जून
कंपनीची नोटीस. करार मध्येच मोडल्याबद्दल दंड, वेबपेज बनवण्याचा खर्च, व्हिडिओचा खर्च. त्या बाईच्या टॉवेलचाही लावला असेल. एकूण आकडा लिहीत नाही, ओळीत मावत नाही. वसुलीसाठी माणूस येणार आहे.

येऊ दे. डोळ्यांत डोळे घालून बोलणार. पाणी विचारणार नाही. खुर्ची देणार नाही.

१७ जून
वसुलीवाला आला. नाव नाम. उंच, खांदे रुंद, आवाज जाड. पण कोट! बाही चुरगळलेली, कॉलरवर किमचीच्या लाल लोणच्याचा डाग, एक बटण लोंबतंय. असा कोट घालून कुणी मला धमकावू लागला, तर माझं लक्षच लागत नाही. म्हटलं, आधी काढा तो.

तो म्हणाला, काय? म्हटलं, कोट.

खुर्ची द्यावी लागली, कारण बिनकोटाचा माणूस उभा कसा राहणार? बार्लीचा चहा दिला, कारण डाग निघेपर्यंत वेळ लागतो. डाग काढला, बटण लावलं, धारदार इस्त्री मारली. नाम आरशात स्वतःकडे बघतच राहिला. म्हणाला, मालक, लग्नातसुद्धा मी असा दिसलो नव्हतो. पैसे किती? म्हटलं, आपल्यात कसले पैसे.

वसुलीचा विषय त्यानं दारात, जाता जाता काढला, तोही हळू आवाजात. शत्रू खचला आहे.

२७ जून
नाम आज ऑफिसातल्या सगळ्यांचे कोट घेऊन आला. म्हणाला, पोरांनी माझा कोट बघितला आणि ऐकेनात. मी म्हटलं, ठेवा. ओक्सून पडद्यामागून म्हणाली, फुकट? मी म्हटलं, गुडविल.

ती म्हणाली, अहो, जे लोक तुमच्याकडून पैसे काढायला बसलेत, त्यांना तुम्ही कडक इस्त्री करून पाठवताय?

तिला मोठं चित्र दिसत नाही. मार्चपासून वाट बघत होतो ते नवं गिऱ्हाईक आलं, तेसुद्धा एकगठ्ठा!

८ जुलै
ओक्सूननं मला न सांगता, असे तंटे मिटवणाऱ्या मध्यस्थी समितीकडे अर्ज केला होता. गुरुवारी सुनावणी. ती म्हणाली, तुम्हाला एकच वाक्य बोलायचंय, 'या जाहिरातीमुळे एकही नवं गिऱ्हाईक आलं नाही.' बाकी मी बघते. माझ्याकडून ते वाक्य जेवताना, आंघोळीला जाताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणवून घेतलं. पाठ आहे. माझी स्मरणशक्ती उत्तमच आहे.

१० जुलै, गुरुवार. सुनावणीहून परत येताना, बसमध्ये
जिंकलो. निदान नैतिकदृष्ट्या.

समितीचे साहेब चष्मेवाले, शांत. ओक्सूननं जेजूचा फोन, दुसऱ्याच्या दुकानाचा व्हिडिओ, सगळं मांडलं. साहेब ग्वाकला म्हणाले, हे बरोबर दिसत नाही, कंपनीनं दंड सोडून द्यावा. ग्वाक घाम पुसत होता. (मी त्याला प्रथमच बघितलं. वडीलही बरोबर आले होते. त्यांचा लॉन्ड्रीशी काही संबंध दिसला नाही.) मग मी माझं वाक्य म्हटलं. अगदी स्पष्ट, एका दमात.

तेव्हा ग्वाक हसला. म्हणाला, साहेब, प्रीमियम जाहिरात करूनही ज्या दुकानात एकही नवं माणूस फिरकत नाही, तिथं दोष जाहिरातीचा की इस्त्रीचा?

इस्त्रीचा!

तीस वर्षं माझ्या इस्त्रीला कुणी नाव ठेवलं नाही. मी उठलो. ओक्सूननं शर्ट ओढला, तरी उठलो. म्हटलं, माझ्या दुकानात कुणी फिरकत नाही? अख्खं ऑफिसच्या ऑफिस कोट घेऊन येतंय! एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा! ही जाहिरात झाली नसती तर ते माझ्या दाराशी कशाला आले असते?

ग्वाक टाइप करत होता. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला दुकानाचा पूर्ण पत्ता विचारला. मी पिनकोडसकट सांगितला. त्यांच्या बाहीलाही घडी नव्हती म्हणा. येतील.

ओक्सून बसमध्ये पुढच्या सीटवर बसली आहे. मागं वळून बघत नाही. दमली असेल.

२१ जुलै
पत्ता निकाल पाठवायला हवा होता.

'अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावरून जाहिरात परिणामकारक ठरल्याचे दिसते.' ओक्सूननं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. दंड कायम.

दुपारी नाम आला. ओक्सूननंच त्याला खुर्ची दिली. हप्ते किती, ते लहान करता येतील का, आजपासून दर कोटाचे पैसे लागतील आणि ते हप्त्यातून कापायचे, असं सगळं तिनं भराभर ठरवलं. नाम मान डोलावत होता. व्यवहार चांगला चालला होता. एक मुद्दा मला सुचला, म्हणून मी तोंड उघडलं.

दोघंही एकदम म्हणाली, तुम्ही नका.