शियानमध्ये भाकर चुरताना

बाबा, मी चीनला जाऊन आलो. चार दिवस. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत तुम्हाला सांगावं असं माझ्या हातून फारसं काही झालं नाही, म्हणून वाईट आधी सांगून मोकळा होतो. इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. आता एका केटरिंगवाल्या सेठकडे चायनीजचं काउंटर सांभाळतो. बोरसीला त्याचं गोडाऊन आहे, तिथून आमची गाडी निघते आणि कुरुदपासून राजनांदगावपर्यंत ज्याच्या घरी लग्न असेल तिथं माझी कढई लागते. तुम्ही भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या जाळासमोर उभे राहिलात, मी गॅसच्या भट्टीसमोर राहतो. आई म्हणते, या घराची आगीशी सोयरीक झाली आहे, दुसरं स्थळ येतच नाही. ती हे हसून म्हणते, पण मग उठून आत जाते.

दुर्ग-रायपूरकडच्या नऊ केटरिंगवाल्यांनी मिळून शियानला जायचं ठरवलं. जुनं राजधानीचं शहर, भोवती एवढा रुंद तट की वरून लोक सायकली चालवतात. पण आम्ही तट बघायला गेलो नव्हतो. सकाळी एक गल्ली, दुपारी एक भटारखाना, संध्याकाळी बाजार, असा नुसता खाण्याचा दौरा. सेठनं मला नेलं, कारण तिथं हातानं नूडल ओढायचं शिकून इथल्या लग्नांत मी ते पाहुण्यांसमोर करून दाखवावं. मी गेलो, कारण ती तिथं होती.

तुम्हाला ती आठवेल. आपल्या क्वार्टरच्या मागच्या लाइनीतली, सेक्टर २ च्या शाळेत जाताना तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसायची आणि मी मागे कॅरियरवर. ती शियानला डॉक्टरकी शिकायला गेली. पहिल्याच सुट्टीत घरी आली आणि ती महामारी सुरू झाली, सगळं बंद पडलं. दोन वर्षं ती इथूनच मोबाइलवर शिकत होती. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची, कारण रेंज तिथंच यायची, आणि आपल्या मोरीच्या खिडकीतून ते अंगण दिसतं. कसं झालं ते तुम्हाला काय सांगू. झालं. मग ती परत गेली. पुढं कॉलेजात एक जण तिच्यावरून काहीबाही बोलला, मी त्याचं डोकं फोडलं. मला एका महिन्यासाठी काढलं होतं. महिना संपला आणि मी गेलोच नाही. माझ्या डोक्यात असं की मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं, आता पुढचं तिनं बघावं. तिचे फोन आधी रोज, मग रविवारी, मग सणाला. म्हटलं, समोर जाऊन बसलो की सगळं ठीक होईल.

पहिले दोन दिवस मी सेठच्या मागे फिरतो आहे. एक बाई कणकेची पट्टी दोन्ही हातांत धरून ओट्यावर आपटते, आणि ती पट्टी कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद, हातभर लांब होत जाते. मी करून बघितलं तर माझी तुटली, सगळे हसले, तिसऱ्यांदा जमली. बाजारात तेंदूच्या जातीचं एक फळ होतं, पण टमाट्याएवढं; त्याचा गर पिठात कालवून तळलेल्या चपट्या गोड पुऱ्या मिळतात. त्या मी आईसाठी घेतल्या. मंचूरियन कुठंच नव्हतं. एका म्हाताऱ्या आचाऱ्याला मी मोबाइलवर फोटो दाखवला, त्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि फोन अदबीनं परत दिला. सेठ शुद्ध शाकाहारी. मेथीच्या ठेपल्यांचं एक गाठोडं घेऊन आलेला. प्रत्येक कढईपाशी वाकून गाइडला एकच विचारायचा, "मैडम, इसमें कोई चलने-फिरने वाला तो नहीं?" आणि गाइड बिचारी इंग्रजीत सांगायची की आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. मी सेठला सांगून ठेवलं होतं की आमच्या भिलाईची पोरगी आहे, भाषा येते, उपयोग होईल. सेठ खूश. केस बारीक कापलेले, दप्तर पाठीवर, चेहऱ्यावर ड्यूटी करून आल्यासारखा शीण. मला बघून हसली. मी तेवढ्या हसण्यावर दोन दिवस जगलो असतो.

तिथलं एक खाणं आहे, बाबा. तुम्हाला ते फार आवडलं असतं. प्रत्येकाला एक मोठा कटोरा आणि दोन जाड, अर्धवट भाजलेल्या रोट्या देतात. हात धुवायचे आणि रोटी आपल्या हातानं चुरायची, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. घाई नाही. लोक तास-तास चुरत बसतात, गप्पा मारतात. मग कटोऱ्याला नंबर लावून तो आत नेतात, आचारी त्यात मटणाचा रस्सा घालून शिजवतो, आणि आपण चुरलेलंच आपल्यासमोर परत येतं. गाइड म्हणाली, आत बसलेला आचारी तुकडे बघून ओळखतो, बाहेर कोण बसलं आहे. मी मात्र आपल्या घरच्या सवयीनं रोटीचे आठ तुकडे केले आणि रस्स्याची वाट बघत बसलो. आपण भाकर मोडतो, रस्सा ओततो आणि मग बोटांनी कुस्करतो ना, तसं. वाढणारी आली, कटोऱ्यात पाहिलं आणि तो परत माझ्यापुढे सरकवून गेली. दुसऱ्यांदाही तसंच. समोर बसलेली ती म्हणाली, "इथी रस्सा मंग येते. पयले बारीक चुर."

आमचं बोलणं मराठीत, बाकी टेबल हिंदीत. कोणाला शब्द कळत नव्हते, कळला असेल तर सूर. ती खाली बघून चुरत होती. बोटांना सवय झालेली, एकेक तुकडा सारखा. काकू, म्हणजे आई, कशी आहे विचारलं, तिच्या पलंगाची कुरकुर बंद झाली का विचारलं. मग त्याच सुरात म्हणाली की तिला तिथंच पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली आहे, तीन वर्षं.

मी म्हटलं, "मंग मी येतो इथी. नूडल जमून राहिला मले."

"नोको येऊ."

"कावून? कोणी दुसरा हाय का?"

"नाही. असता त सांगाले सोपं झालं असतं." तिनं रोटीचा कडक काठ बाजूला ठेवला, परत उचलला, चुरला. "तू चिडला का मी पयले हे पाहते, तुह्या हाताजवळ काय हाय."

मी म्हटलं, मी तुला कधी बोट तरी लावलं का. ती म्हणाली, नाही लावलं, कधीच नाही लावलं, पण मी बघते तर खरी ना. मी म्हटलं, त्या पोराचं डोकं फोडलं ते कोणासाठी. तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी म्हटलं होतं का फोड म्हणून? तू एका पोराचं तोंड बंद केलं आन् साऱ्या सेक्टरचं उघडलं. माह्या आईनं तीन महिने भाजी आणाले जाणं सोडलं होतं. तुले मालूम तरी हाय का?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आणि माहीत नव्हतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. कटोरा सरकवताना हातातून निसटला, असं मी सेठला सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो, मी फेकला. तिच्यावर नाही, टेबलावरच, पण फेकला. जाड मातीचा होता, फुटला नाही, गरगरत कडेपर्यंत गेला आणि माझे तुकडे सेठच्या ठेपल्यांवर, पाण्याच्या ग्लासात, गाइडच्या मांडीवर. आणि ती दचकलीसुद्धा नाही, बाबा. तिनं आपला कटोरा आधीच उचलून छातीशी धरला होता.

तिथं, त्या टेबलावर, मला तुम्ही आठवलात. मी दहा वर्षांचा असेन. रविवार आहे, तुम्ही सकाळची ए शिफ्ट करून आलात आणि स्वतः मटण केलंत, आईला ओट्याजवळ येऊ दिलं नाहीत. माझ्या ताटात नुसती हाडं आली म्हणून मी ताट भिरकावलं. भाकर दारापर्यंत गेली. आई उठली मला मारायला, तुम्ही तिला खाली बसवलंत. दारापाशी जाऊन भाकर उचललीत, फुंकलीत, परत आपल्या जागेवर येऊन तीच आपल्या ताटात मोडलीत. जेवण झाल्यावर हात धुता धुता मला म्हणालात, आवाज न चढवता: "तुह्या आजाच्या हातात गावचे लोकं वरून भाकर टाकत होते. हात लागू नये म्हणून. खाली पडली त उचलून खा लागे. आता आपल्या घरात आपणच फेकाची का?" मला तेव्हा अर्धंच कळलं. मारलं असतंत तर बरं झालं असतं, मार मी विसरलो असतो. शियानमध्ये मी खाली वाकून ते तुकडे वेचले. सेठ म्हणत होता, छोड़ दे, उनका आदमी उठा लेगा. मी टेबलाखाली शिरून वेचत राहिलो, आणि तुम्हाला वाटेल पोराला अक्कल आली. तसं नाही. मला वर येऊन तिचं तोंड बघायचं नव्हतं.

तिचा कटोरा आत गेला, शिजून आला. ती पूर्ण जेवली. बाहेर ज्याची परीक्षा झाली त्याला भूक लागत नाही, ज्यानं घेतली त्याला लागत असेल. सेठला तिनं मटणाचा मसाला, आचेची वेळ, सगळं विचारून सांगितलं, गाइडची माफी माझ्या वतीनं मागितली. निघताना मी दारापर्यंत गेलो. म्हटलं, मी सुधरीन, दोन वर्षं दे. ती म्हणाली, "मी वाट नाही पाहणार. तुह्यावर बोजा नोको ठेवू याचा." आणि मग, "काकूले सांगजो, मी बरी हाय." रस्ता ओलांडायला ती कडेला थांबली तेव्हा, वळून बघेल म्हणून मी दारातच उभा होतो. तिथं सिग्नल फार वेळ लाल असतो. ती पाठमोरीच उभी राहिली, हिरवा झाल्यावर गेली.

परत आल्यावर आई पुऱ्यांचा खोका हातात घेऊन लगेच विचारते, भेटली का. मी पायातले बूट काढतो आहे. खाली बघूनच मी म्हणालो, भेटली. सेठसमोर तिनं ओळख नाही दाखवली. आपली लाज वाटते तिला आता. लग्नात कढई हलवणाऱ्याला ती काय विचारील.

इतकंच बोललो, बाबा. मला वाटलं आई चार दिवस हळहळेल आणि विषय संपेल. पण आईनं ते मनावर घेतलं. दर रविवारी विहारात तिची आई आणि आपली आई एका सतरंजीवर बसायच्या, तुम्ही गेलात त्या वर्षी तर ती मावशी आईला हाताला धरून न्यायची. आता आई खांबाच्या पलीकडे बसते. पौर्णिमेला मावशीनं खिरीचा डबा पाठवला. आपल्याकडे आलेला डबा कधी रिकामा परत जात नाही, मूठभर तांदूळ तरी, काही नसेल तर साखरेचे चार दाणे. आईनं खीर कामवालीला दिली, डबा घासला, पुसला आणि रिकामा माझ्या हातात ठेवला. म्हणाली, देऊन ये.

मी देऊन आलो. मावशीनं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. कारण विचारलं नाही. तिला वाटत असेल की आमच्या पोरीनं नाही म्हटलं म्हणून हे लोक रागावले, आणि तेवढा राग सोसला पाहिजे असंही वाटत असेल. दारात उभी राहून तिनं फक्त विचारलं, "वाळली व्हती का रे पोरगी?" मी म्हटलं, "नाही मावशी, चांगली हाय." ती बरं म्हणाली, पदरानं डबा पुसला. तो आधीच कोरडा होता.

रोज सकाळी निघताना वाटतं, आज आईला सांगावं. आई पाठमोरी चहा गाळत असते. एक वाक्य आहे, त्याला वेळ लागत नाही. पण मग तिला सगळंच सांगावं लागेल, तो कटोरा, ती काय म्हणाली ते, आणि मग आईसुद्धा मी चिडलो की माझ्या हाताजवळ काय आहे ते बघायला लागेल. कदाचित आधीपासून बघत असेल. परवा मी मोबाइलवर कोणावर तरी ओरडत होतो, तर तिनं ओट्यावरचा तवा उचलून मागे ठेवला. कामासाठी असेल.

हे पत्र गोडाऊनवर लिहितो आहे, मिरच्यांच्या पोत्यांवर बसून. घरी नेता येत नाही, आई वाचते. इथंच भट्टीत घालीन. तुम्हाला सांगितल्यानं हलकं वाटेल असं समजलो होतो, तसं काही वाटत नाही. आणि एक कबूल करतो. तुम्ही असता ना बाबा, तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.