ओलं बी

१२ मार्च १९५७

प्रिय सत्यशीला,

आई पोचली की तिच्या पिशवीतलं ओलं फडकं आधी सोड, पत्र मागाहून वाच. त्यात टमाट्याचं, म्हणजे आपल्या भेदऱ्यांचं बी आहे. पितळेच्या ताटलीत सावलीला पसर. कागदावर टाकू नकोस, चिकटून बसतं. येता-जाता बोटानं हलवत राहा, नाहीतर गोळे होतात. बाप ओलं बी पाठवतो म्हणून हसशील. हस. गेल्या पंधरा वर्षांत ओलं बी मी कधी घराबाहेर जाऊ दिलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! आणि काना-मात्रा चुकली असेल तर तीही सोडून दे. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा अर्धा दोष मास्तरणीचा.

यंदा नदीकाठच्या वाडीत एक झाड असं काही लागलं की बियासाठी तेच धरलं. दुसऱ्या घोसाची फळं पार मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवली. तुझी आई चटणीसाठी टपलेली, तिच्यापासून राखणं पाखरांपासून राखण्यापेक्षा अवघड. मग गर मडक्यात पिळला, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि तीन दिवस आंबवला. वर पांढरी साय धरली, बुडबुडे आले, आणि घरात असा वास सुटला की मडकं आणि मी, दोघांनाही बाहेर घालवायची धमकी मिळाली. चौथ्या दिवशी पाणी ओतलं. पोचट बी वर आलं, भरलेलं तळाला बसलं. ते धुऊन सुपात पसरलं. तुझ्या आईची रीत तुला माहीत आहे, एकदा सूप पसरलं की ती जागची हलत नाही, सख्ख्या भावाच्या लग्नालाही गेली नव्हती. ती हलवत बसली होती आणि तेवढ्यात पुंडलिकराव दारात उभा.

मळ्यावाला पुंडलिकराव तुला आठवतो ना? दरसाल पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, अंगणाबाहेर उभा राहून बियाची पुडी घेतो. त्याची आई आपल्या हातची पुडी पाणी शिंपडल्याशिवाय घरात घेत नसे. आठ दिवस राबून वाळवलेलं बी, आणि त्यावर पाणी! एका साली सगळ्याला बुरशी चढली आणि हा मान खाली घालून पुन्हा मागायला आला. तेव्हापासून तो ओढ्यावर थांबतो, नुसते हात ओले करतो आणि घरी जाऊन शिंपडलं म्हणून सांगतो. खोटं बोलतो, पण बियापायी. मला तो माणूस त्यासाठीच आवडतो.

तर काल, पाडव्याला अजून वीस दिवस असताना, तो आला आणि म्हणाला, "देवराव, बी आजच दे मले." मी म्हटलं, "पुंडलिकराव, ओलं हाये ते, दिसत नाही काय?" तर म्हणतो, "ओलंच दे. तुह्या घरी नाही वाळाचं ते." मला रागच आला. फाल्गुनाचं ऊन, आणि माझ्या अंगणात बी वाळणार नाही? त्यानं पोरगी बाळंतपणाला कधी येणार, ते विचारलं. होळीच्या आदल्या दिवशी, मी म्हटलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. मग म्हणाला, "होळी होऊ दे." अर्धं बी त्यानं आपल्या दुपट्ट्याच्या टोकात बांधलं आणि निघाला. ओढ्यावर थांबला नाही. मी पाहत होतो.

दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हाच वस्तीनं ठरवलं होतं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावच्या होळीची लाकडं फोडायची नाहीत. पारावर जाऊन ते सांगायला पुढे मीच झालो. चार-पाच महिने गावानं शिव्या दिल्या. दुकानदार मीठ देईना, मी बोरी अरबच्या बाजारातून आणलं. शिव्या होत्या तोवर बरं होतं. गेल्या आठ दिवसांत कुणी शिवीसुद्धा देत नाही. देवळापुढे होळीचा खड्डा खणून झाला, मधोमध एरंड उभा केला, पण लाकडाचं एक ढलपं तिथं नाही. दरसाल एव्हाना पुरुषभर रास झालेली असते. परवा मी सहज विचारलं, तर पारावरचा एक जण गोड हसून म्हणाला, "लाकडं कुठं हायेत ते आमाले ठाऊक हाये." काल पुंडलिकराव गेल्यावर मला ते हसू आठवलं आणि मी आपल्या घराकडे वळून पाहिलं. तुराट्यांचे कूड, गवताची छपरं, सागाच्या बल्ल्या, अशी एकाला एक लागून अकरा घरं.

मला भीती वाटते, पोरी. ठाण्यात अर्ज देऊन आलो. त्यांनी तो ठेवून घेतला. मी का निघत नाही, असं तू विचारशील. बाकीच्या दहा घरांत म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत, ती कुठं जाणार? गावाला नाही म्हणायला मी पुढे होतो, आता सगळ्यांच्या आधी पळू कसा?

आईला मी सांगितलं आहे की ती तुला आणायला वणीला चालली आहे, आणि पत्रात बी वाळवायची रीत लिहिली आहे. सूप सोडून ती निघेना, म्हणून उरलेलं बी तिच्यासोबत बांधून दिलं. तू येऊ नकोस. सुईणीनं प्रवास मना केला असं आईला सांग, जावयाला, भीमराजला, मात्र खरं सांग. लेकरू वणीतच होऊ दे. तुझ्या आईला वाचता येत नाही याचं आज मला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. होळी उलटल्यावर माझं दुसरं पत्र आलं तर तिला पाठव. नाही आलं तर भीमराजला हे तिला वाचून दाखवायला सांग. तोवर ती घरी जायची घाई करेल, भांडेल, पिशवी उचलेल. पण ओलं बी टाकून ती कधी कुठं गेलेली नाही. पुंडलिकरावाकडे अर्धं आहेच, तेव्हा हे सडलं तर सडू दे. ती उठली की तिच्या नकळत ताटलीवर पाणी शिंपड आणि सांग, बी अजून वाळलं नाही.

तुझाच,
बाबा