कडी कुठल्या बाजूला

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मला सिंगापूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुलगी अंगावर पीत होती, म्हणून येता आलं नाही. ते कारण खरं होतं. त्यानंतर इतकी वर्षं तुमच्या घरी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, त्याला मात्र काही कारण नाही. आज लिहितेय ते रडगाणं गायला नाही. माझं छान चाललंय. इथल्या मराठी बायकांत मी साहित्यातली मोठी जाणकार समजली जाते, आणि ती सगळी तुमची पुण्याई. तुमचे प्रश्न मी बिनदिक्कत माझे म्हणून विचारते, लोक माना डोलावतात. त्यातल्याच एका प्रश्नाबद्दल तुम्हाला सांगायचंय.

रविवारची सकाळ आठवते. एम.ए.च्या आम्ही पाच मुली साताऱ्याच्या तुमच्या घरात स्वयंपाकघरातच बसलोय, कारण तुमच्याकडे जादा तास म्हणजे पोळ्या होईपर्यंत. तुम्ही लाटताय आणि आमच्याकडे न बघता बोलताय. समोर दोन प्रकारची पुस्तकं आहेत. एका प्रकारात पडका गढीसारखा वाडा, मेणबत्ती, जिन्यावरची पावलं आणि वरच्या मजल्यावर कोंडलेली बाई. दुसऱ्या प्रकारात गुलामीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः सांगितलेली हकीकत. युनिव्हर्सिटीनं ही दोन वेगवेगळ्या पेपरांना लावली होती. तुम्ही एकाच ताटात वाढलीत. "पहिल्या पुस्तकात भूत शोधावं लागतं," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्यात भूत सगळ्यांसमोर जेवायला बसतं, आणि जेवणाआधी देवाचं नाव घेतं." मग लाटणं आमच्याकडे रोखून तो प्रश्न: "खोलीत बाई आहे असं पुस्तकात आलं की पहिल्यांदा काय बघायचं? तिचं रूप नाही, तिचे अश्रू नाहीत. कडी कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. आतून की बाहेरून?" आम्ही भराभरा लिहून घेतलं. पोळी करपली, ती मला मिळाली.

तुमची बोलणीही मी खाल्ली आहेत. कोंडलेल्या बाईवर मी बारा पानं लिहिली होती आणि स्वतःवर फार खूश होते. तुम्ही वही परत दिलीत ती सगळ्यांदेखत. "लिहिलंयस झकास. पण त्या बाईला रोज वरती जेवण कोण नेऊन देतं गं? ताट घेऊन जिना चढणारी एक बाई आहे त्या पुस्तकात. बारा पानांत ती तुला एकदाही दिसली नाही?" मला इतकी लाज वाटली की मी दोन रविवार आलेच नाही. तिसऱ्या रविवारी तुम्हीच निरोप धाडलात की पुरणपोळ्या आहेत, रुसवा घरी ठेवून ये.

आणि माझं लग्न ठरल्यावर तुम्ही काय दिलंत? बाकीच्यांनी साड्या दिल्या, लेमन सेट दिले. तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक पितळी कडी दिलीत, चार स्क्रूंसकट. "तिकडे जी खोली तुझी म्हणून मिळेल तिला आतल्या बाजूनं बसव. मी सासरी आल्यावर पहिलं तेच केलं होतं." आईला ही भेट भलतीच अशुभ वाटली. मी मात्र ती सामानात घालून सिंगापूरला आणली. इथलं घर भाड्याचं, दाराला नवीन भोक पाडायचं नाही अशी करारातच अट. त्यामुळे कडी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

घर आमचं सेंगकांगला, दहाव्या मजल्यावर. नवरा चांगी बिझनेस पार्कला एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मी कॉलेजातली नोकरी सोडून आले आणि माझा इथं राहायचा पास त्याच्या नोकरीच्या पासला बांधलेला, म्हणजे तो आहे तर मी आहे. यावर मी पार्ट्यांमध्ये बऱ्यापैकी विनोदी बोलते. इथल्या फ्लॅटमध्ये बहुधा एक बॉम्ब शेल्टर असतं. युद्ध झालंच तर लपायला म्हणून बांधलेली, जाड भिंतींची, बिनखिडकीची, पोलादी दाराची खोली. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथं जुन्या बॅगा ठेवतात आणि घरकामाला ठेवलेल्या बाईला झोपवतात. आमच्याकडेही तसंच होतं. ती जावातल्या एका खेड्यातून आली होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मागं तिचा मुलगा होता, तिच्या आईपाशी. पहिल्या दिवशी तिला खोली दाखवताना तुमची आठवण झाली म्हणून मी मुद्दाम दार तपासलं. खटका आतल्या बाजूला होता. मला फार हायसं वाटलं. मनात म्हटलं, बाईंच्या परीक्षेत पास.

तिचा पासपोर्ट आमच्याकडे होता. एजन्सीच्या माणसानंच सांगितलं होतं, "मॅडम, तुम्हीच ठेवा, हिच्याकडे हरवेल." सगळेच ठेवायचे. आम्ही याला सांभाळून ठेवणं म्हणायचो. तो तुमच्या कडीच्याच ड्रॉवरमध्ये होता, कुलूप लावून, आणि ड्रॉवरची किल्ली देवघरात, अन्नपूर्णेच्या तांदळाच्या वाटीखाली. ही युक्ती माझी. घरातली प्रत्येक वस्तू ती पुसायची, पण देवघर माझ्याकडे. ती मुसलमान, ती देवांना हात लावणार नाही आणि आपणही तिला लावायला सांगू नये, असा आमचा मोठा उदार विचार होता. तिच्या धर्माचाही मान राहिला आणि किल्लीही राहिली.

रविवारची सुट्टी तिला महिन्यातून एकदा. दर आठवड्याच्या सुट्टीचा नियम नुकताच आला होता, पण दोघींच्या संमतीनं कमी घेता येते अशी त्यात सोय होती आणि संमती कशी घेतात ते तुम्हाला सांगायला नको. चौथ्या वर्षी एके दिवशी तिनं भांडी विसळता विसळता सांगितलं की तिला शिवणाच्या वर्गाला जायचंय. दर रविवारी, वर्षभर. शेवटी सर्टिफिकेट मिळतं, ते घेऊन गावी दुकान टाकता येईल आणि मुलाजवळ राहता येईल. नाव घालायची शेवटची तारीख येत्या रविवारी, पाच वाजेपर्यंत, आणि सोबत पासपोर्ट हवा. मी म्हटलं, "अगं, नेमका या रविवारी घरी कार्यक्रम आहे. पुढच्या वर्षी बघू या ना." कार्यक्रम कसला होता माहितेय, बाई? माझंच भाषण. विषय होता, 'कोंडलेल्या बायका आणि पळून गेलेल्या बायका'. वीस जणी येणार होत्या, साबुदाणा वडे कोण तळणार?

भाषण उत्तम झालं. खोटं कशाला बोलू, मी उत्तमच बोलते. पडक्या वाड्यापासून सुरू केलं आणि मळ्यावरच्या झोपडीपर्यंत आले. गुलाम बाईला मालकाच्या चिठ्ठीशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकता येत नसे, हे सांगितलं. या बायका चोरून अक्षर शिकायच्या, वाटा पाठ करायच्या, आपल्याला काही कळत नाही असं मालकाला वाटू द्यायच्या आणि तेच त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार असायचं, हेही सांगितलं. शेवटी तुमचा प्रश्न माझा म्हणून टाकला: "मैत्रिणींनो, नेहमी बघा, कडी कुठल्या बाजूला आहे." माझी मुलगी, वय वर्षं आठ, सोफ्याच्या दांडीवर बसून होती. ती तिच्या सिंगापुरी थाटात मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, आंटीच्या रूमला पण विंडो नाही. सेम सेम लाह." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मुलीची आंटी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला, हात पुसले आणि मराठीत म्हणाली, "ताई, त्या बाईचा चिठ्ठी कोणाच्या कपाटात असते?"

चार वर्षं आम्ही तिच्यासमोर तिच्याबद्दल मराठीत बोलत होतो. पाहुण्यांपुढे, फोनवर, जेवताना. मीठ जास्त पडलं, आळशी झाली, जीव लावते हो पोरीला, तिच्या आईला म्हणे बरं नाही पण आत्ता सोडता येणार नाही. सगळं. त्या एका वाक्यासरशी मला ती चार वर्षं धाडकन आठवली. मग ईस्ट कोस्टच्या महागड्या कॉन्डो सोसायटीत राहणारी आमची एक मैत्रीण तिला कळू नये म्हणून इंग्रजीत, म्हणजे तिला पहिल्यापासून कळणाऱ्या भाषेत, म्हणाली, "डोन्ट गिव्ह इन हं. वन्स दे गेट द पासपोर्ट, दे रन." ती टीपॉयपाशीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढची गोष्ट मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर सांगते. मुंबईला सांगितली, पुण्याला सांगितली, इथं तर तीनदा. मी उठले. स्वयंपाकघरातल्या देवघरात अन्नपूर्णेची वाटी बाजूला केली, किल्ली घेतली, बेडरूममध्ये जाऊन ड्रॉवर उघडला, आणि शेल्टरच्या दारापाशी तिचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. म्हटलं, जा, पाचच्या आत पोच, वडे मी तळते. ती गेली. मी हॉलमध्ये परत आले तेव्हा सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या, कॉन्डोवाली मैत्रीणसुद्धा. इथपर्यंत आले की श्रोत्यांमध्ये कुणीतरी डोळे पुसतंच. यापुढे ती वर्ग पूर्ण करून गावी परतली, दुकान टाकलं, दुकानापुढे मुलासोबत उभी असल्याचा फोटो तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला, हे सांगते. ते सगळं खरं आहे, फोटो अजून माझ्याकडे आहे.

पण तुम्हाला खोटं सांगायला जीभ रेटत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणूनच बहुतेक लिहवतंय.

किल्ली वाटीखालीच होती. ड्रॉवर उघडला तर पासपोर्ट नव्हता. तुमची पितळी कडी तेवढी होती, चार स्क्रूंसकट. मी बाहेर आले तर ती शेल्टरच्या दारात पायात बूट घालून उभी, खांद्याला पर्स. पर्सची चेन उघडून तिनं पासपोर्ट मला दाखवला, दिला नाही.

"कधी घेतलास?"

"सकाळी. तुम्ही अंघोळीला गेलात ना, तेव्हा." मग घाईघाईनं म्हणाली, "देवाला हात नाय लावला, ताई. ती पळी असते ना पूजेची, त्याने सरकवला."

"मग सगळ्यांसमोर विचारलंस कशाला?"

"तुम्ही देणार का, ते बघायला."

"आणि नसता दिला तर?"

तिनं मला अगदी मायेनं उत्तर दिलं, मुलीला समजावते तशा आवाजात. "तरी गेलीच असती, ताई. वडे झालेत. डब्यात आहेत, फक्त गरम करा." आणि दार ओढून घेऊन ती लिफ्टकडे गेली. रात्री आठला परत आली, पासपोर्ट आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला, आणि मला विचारलं, कणीक भिजवू का.

तेव्हा बाई, मी वडेसुद्धा तळले नव्हते. तुम्ही असता तर या गोष्टीवरही लाल पेन्सिलीनं विचारलं असतंत की यातली ताट घेऊन जिना चढणारी बाई कुठे गेली. मी तिला पुन्हा एकदा गाळलं, आणि या वेळी तर तिचं काम माझ्या नावावर लावलं. पुढच्या महिन्यात परत भाषण आहे. खरी गोष्ट याहून कितीतरी चांगली आहे, हे मला कळतं, आणि ती सांगितली तर माझं काहीच बिघडणार नाही, हेही कळतं. तरी त्या दिवशी मी रिकाम्या हातांनी हॉलमध्ये आले, पासपोर्ट मीच दिला असं समजून टाळ्या सुरू झाल्या, आणि मी त्या थांबवल्या नाहीत.